टाकीला हात लावायला माणूस मिळेना

शांताबाई, गुडघा कसा आहे? गणपतभाऊ, खोकला थांबला का? बरे असाल तर माझा आजचा संताप ऐका.

आमच्या हिला खाली बसता येत नाही, म्हणून प्रवासाच्या व्हॅनमध्ये मी संडास बसवलाय. त्याची प्लास्टिकची मैल्याची टाकी तडकली, आणि उद्या लेकीकडे झरीला निघायचंय. तीनदा धुऊन, वाळवून टाकी दिग्रसला नेली. प्लास्टिक जोडणारा लांबूनच म्हणाला, "काका, हे काम करनारे लोकं वेगळे असतात."

"कोणते बा? नाव घे ना!"

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाची बादली जोडायला लागला.

घरी येऊन उलथनं तापवलं, जुन्या बादलीचे तुकडे वितळवून तडा बुजवला. थेंबभर गळत नाही. हिनं विचारलं, "आता तुमी बी वेगळे झाले का?"

काय सांगू तिला? लवकर लिहा.