नंदाला मिळालेलं वाण

नंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी टेंभी नाक्यावर मेथी घेत होते. तिच्या मुलीने, मंजूने, एवढंच सांगितलं, "मावशी, आई गेली..." पुढे नुसतं रडणं. मला आधी रडू नाही आलं, संताप आला. तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

नंदा माझी शाळेपासूनची मैत्रीण. ठाण्यात एकाच चाळीत वाढलो. लग्नानंतर ती टिटवाळ्याला गेली. अंगाने पहिल्यापासून भरलेली, हसली की सगळी हलायची. त्यावरून लोकांनी तिला आयुष्यभर टोचलं. नवरात्रात फेर धरायला उभी राहिली की "जरा जागा सोडा गं" म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ती हसून साजरं करायची, घरी येऊन मात्र जेवायची नाही, आणि मग एके दिवशी खाण्यावर सगळ्याचा वचपा काढायची. गेल्या वर्षी सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी निघाली. डॉक्टरांनी साधंच सांगितलं: रात्रीचं जेवण कमी, गोड बंद, रोज चालणं, वजन हळूहळू उतरू दे. ती चालायलाही लागली होती.

मग संक्रांत आली. नंदाच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंनी हळदीकुंकवाला वाण म्हणून वाट्या-चमचे न देता कॅप्सूलच्या बाटल्या वाटल्या. वर हिरवं पान, खाली 'लिव्हरचं संरक्षण'. शिवाय वजनही उतरणार. त्या बाई हेच विकतात, हे तिळगूळ खाऊन झाल्यावर कळलं. नंदाने फोनवर मला वाचून दाखवलं: ग्रीन टीचा अर्क, आणि मलबारी चिंचेचा, म्हणजे आपल्या कोकमाच्या भावंडाचा. "अगं, सोलकढी पिऊनच वाढलो ना आपण? झाडपाल्याने काय होतंय!" मी म्हटलं, आधी डॉक्टरांना विचार. तर म्हणाली, "वाण आहे गं ते. वाण नाकारायचं नसतं."

ती बाटली संपल्यावर तिने दुसरी विकत घेतली. मग भूक मेली, मळमळ सुरू झाली, डोळे पिवळे दिसायला लागले. तिने विचारलं कोणाला, तर त्याच बाईंना! "शरीरातली घाण बाहेर पडतेय, आता मध्येच सोडू नका," त्या म्हणाल्या. कोथिंबिरीची जुडी सोडवून आतून बघितल्याशिवाय न घेणारी माझी मैत्रीण, तिने हेही ऐकलं. कल्याणच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी बाकीची कारणं तपासून पाहिली, दुसरं काही सापडलं नाही. असे दाट अर्क काहींच्या लिव्हरला सोसत नाहीत, म्हणाले. घरचं कोकमाचं सार वेगळं आणि हे वेगळं.

तेराव्याला त्या बाई आल्या. नंदाच्या नवऱ्याला, प्रकाशभाऊजींना, हात जोडून म्हणाल्या, "नियमित घेतलं असतं तर..." मी ताडकन उठले. "नियमितच घेत होती! तुम्ही सांगितलंत म्हणून डोळे पिवळे झाले तरी घेत होती!" भाऊजी म्हणाले, "जाऊ द्या हो, झालं ते झालं." का जाऊ द्यायचं? दुःखाच्या घरी भांडण शोभत नाही, असं मला नंतर चौघींनी ऐकवलं. मेलेल्या बाईवरच खापर फोडणं मात्र शोभतं!

गेल्या रविवारी टिटवाळ्याला गेले. मंजू आमटीला फोडणी देत होती. मोहरीसाठी तिने फळीवरून बाटली काढली, ती तीच... हिरवं पान अर्धं खरवडलेलं. "आईनेच धुवून ठेवलेली, मावशी. झाकण चांगलंय म्हणाली." नंदाच ती, चांगली बाटली तिच्याने टाकवायची नाही. मी मोहरी वाटीत काढली आणि बाटली पिशवीत घालून घरी आणली. आता ती माझ्या ओट्यावर असते, घासून लख्ख केलेली. पुढच्या संक्रांतीला मी टिटवाळ्याला जाणार, त्या बाईंना हळदीकुंकू लावणार आणि चारचौघींत ही रिकामी बाटली त्यांच्या हातात ठेवणार. वाण नाकारायचं नसतं.