आधी वाईट सांगून देतो

"आधी वाईट सांगून देतो, काकूजी," असं म्हणून त्यानं शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद काढला, उलगडून माझ्या टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर पेपरवेट ठेवला. पंखा बंद होता, पण तो सवयीचा गुलाम होता. "चोरीची केस आहे माझ्यावर. भांड्यांची. पुढची तारीख येत्या मंगळवारी आहे. बाकी ठीक."

मी तेव्हा झाशीच्या आमच्या मराठी मंडळाची चिटणीस होते. शाळेतून निवृत्त झालेली बाई म्हणजे रिकामी बाई असा सगळ्यांचा समज असल्यामुळे ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं. आणि आम्हाला माणूस हवा होता तो मंडळाच्या भांड्यांच्या कोठीसाठी. तुम्ही हसलात ना? मीही हसले. तो मात्र हसला नाही, माझं हसून होईपर्यंत थांबला.

त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात ते वर्षानुवर्षं पुकारलं गेलं, तेवढं पुरे झालं. आमच्या गल्लीतला चहावाला त्याला 'तारीखवाले भैया' म्हणायचा. चाळिशीचा, उंच, किंचित वाकलेला. घराणं जुनं, कधीकाळी पूजाअर्चेसाठी इकडे येऊन राहिलेलं. त्यामुळे मराठी बोलायचा, पण निम्मं हिंदीच्या चालीवर. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. नोकरी मागायला येतो आणि आपणच आपली शिफारस खराब करून ठेवतो.

केस अशी होती. तो एका केटररच्या गोदामात होता. तिथली भांडी गायब झाली. पोलिसांनी सगळ्या नोकरांची घरं पाहिली. त्याच्या घरी एक पितळी पातेलं सापडलं, वीस माणसांचा भात होईल एवढं. ते त्याच्या आईचं. आता आपल्याकडे वाटीवरसुद्धा नाव घालतात, पण त्या माउलीनं घातलं नव्हतं. "घरातलं भांडं घरातच राहणार, त्याला नाव कशाला?" असं ती म्हणायची. ती वारली होती आणि पातेल्याला बोलता येत नव्हतं. पातेलं लाखेचं सील लावून पोलिसांच्या मालखान्यात गेलं, हा जामिनावर घरी आला, आणि तेव्हापासून तारखा सुरू झाल्या. मला भेटला तेव्हा पाच वर्षं झाली होती.

आमचे अध्यक्ष रेल्वेतून मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले. त्यांनी मान हलवली. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! लोक काय म्हणतील?"

"चोर अजून ठरलो नाही, अध्यक्षजी," तो शांतपणे म्हणाला. "पुढच्या तारखेला कळेल."

"मागच्या तारखेला काय कळलं?"

"पुढची तारीख."

मी त्याला ठेवून घेतलं ते काही दयेनं नाही. त्याच्या आधी तिघे आले होते. तिघांनीही स्वतःचं फक्त चांगलंच सांगितलं. त्यांतला एक महिनाभर टिकला आणि जाताना तांब्याचं घंगाळ घेऊन गेला. तेव्हा म्हटलं, एकदा वाईट सांगणारा ठेवून बघू. तीन महिन्यांच्या बोलीवर त्याला किल्ली दिली. नीट जमलं तर कायम, नाहीतर रामराम.

आमच्या कोठीची अवस्था सांगायला हवी. इथं मराठी घरं मोजकी. लग्न असो, मुंज असो, मंडळातून पराती, तपेली, ओगराळी जायची ती परत यायचीच असं नाही. मागणार तरी कुणाकडे? जो तो कुणाचा ना कुणाचा व्याही. आधीचे कोठीवाले संकोचानं मेले. हा संकोचणारा नव्हता. पहिल्या आठवड्यात त्यानं छिन्नी आणि हातोडी आणली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत टकटक करून एकूण एक भांड्यावर मंडळाचं नाव कोरलं. डावांवर कोरलं. पळ्यांवर कोरलं. चहाच्या गाळणीवर जागा नव्हती, तर तिच्या दांड्यावर 'म. मं.' एवढं तरी कोरलंच.

मग त्यानं तारखा द्यायला सुरुवात केली. भांडं नेणाऱ्याला चिठ्ठी मिळायची: परत करण्याची तारीख अमुक, वेळ सकाळी अकरा. त्या दिवशी भांडं आलं नाही की पुढची तारीख. कारण सांगावं लागे आणि तो ते चिठ्ठीवर लिहून घेई: 'पाहुणे अजून गेले नाहीत', 'मोलकरीण आली नाही', 'सापडत नाही'. तिसरी तारीख चुकली की स्वारी त्या घरासमोर जाऊन उभी राही, दोन्ही हात तोंडाशी धरी, आणि कोर्टाचा शिपाई पुकारतो तशी हाक देई, "फलाणेजी, हाजिर होऽऽऽ!"

त्या हाकेला काय ताकद होती म्हणून सांगू! शेजारपाजारच्या खिडक्या उघडायच्या. कोण पकडलं गेलं म्हणून भाजीवाला गाडी थांबवून विचारायचा, "का हो गओ भैया, को पकरो गओ?" दोन महिन्यांत कोठीत अशी भांडी परत आली की जी आमची आहेत हे आम्हीच विसरलो होतो. एक ओगराळं तर ज्यांच्या लग्नात गेलं होतं, त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी परत आलं.

लपवत नाही, माझ्या घरीही मंडळाचा एक झारा होता. चार वर्षं होता. मला दोन तारखा पडल्या. तिसरीच्या आदल्या दिवशी मी तो पदराखाली झाकून कोठीत नेऊन ठेवला. त्यानं पाहिलं, चिठ्ठी फाडली आणि म्हणाला, "मला वाटलं होतं काकूजी येणार. पण तयारी करून ठेवली होती." शिष्ट कुठला!

एकदा दुपारी तो कोरत बसला असताना मी त्याला विचारलं, की अरे, आधीच सगळं ओकून टाकायची ही सवय कुठून लागली? थोडं काम दाखवावं, मग सांगावं. "बायकोपण हेच म्हणते," तो म्हणाला. मग त्यानं हातोडी खाली ठेवली. एका मिठाईच्या दुकानात त्यानं बायकोचं ऐकून काहीच सांगितलं नव्हतं. बारा दिवस काम केलं. मालक खूश, गल्ल्याजवळ बसवायच्या गोष्टी करू लागला. तेराव्या दिवशी तारीख होती. रजा मागितली, कशाला ते विचारलं गेलं, आणि सांगावं लागलं. "चोरीसाठी नाही काढलं, काकूजी. लपवलं म्हणून काढलं. मालक रडायलाच आला होता. म्हणाला, आधी सांगितलं असतंस तर ठेवलं असतं. तेव्हापासून मी आधी सांगून देतो. आणि आधी सांगितलं की कुणी ठेवत नाही." एवढं बोलून तो हसला. मला हसू आलं नाही. मला त्या मिठाईवाल्याचा राग आला, आणि थोडा स्वतःचाही, कारण तीन महिन्यांची बोली मीच घातली होती.

ती मुदत संपायला आठवडा राहिला असताना अध्यक्षांच्या परातीचं प्रकरण झालं. मंडळाची सगळ्यांत मोठी परात अध्यक्षांच्या घरी होती. मे महिना होता. झाशीतला मे तुम्हाला ठाऊक नसेल तर देवाचे आभार माना. त्यांचा कूलर गळत होता आणि वीस किलो कणीक मळायची ती परात त्याच्याखाली पाणी झेलत बसली होती. पहिली तारीख गेली. दुसरी गेली. तिसरी चुकली तेव्हा मी त्याला म्हटलं, "हे बघ, तुझी कायम होण्याची वेळ आली आहे. या एका घराचं सोडून दे."

"सोडतो ना, काकूजी," तो म्हणाला. "मग बाकीच्यांच्यापण चिठ्ठ्या फाडून देतो."

आणि गेला. सकाळी अकराला भर गल्लीत हाक घुमली, "अध्यक्षजी, मराठी मंडळवाले, हाजिर होऽऽऽ!" अध्यक्ष बनियनवर बाहेर आले. त्यांना पाहून त्यानं नमस्कार केला आणि, हजेरी पक्की व्हावी म्हणून, आणखी एकदा पुकारलं.

रविवारी तातडीची सभा. विषय एकच, याला काढायचा. अध्यक्ष बोलायला उठणार, तोच हा उभा राहिला. हातात तो तारखेचा कागद होता.

"आधी वाईट सांगून देतो. मी ओरडलो. रस्त्यात ओरडलो. दुसऱ्यांदा ओरडायची जरूर नव्हती, तरी ओरडलो. बाकी ठीक." मग त्याचा आवाज खाली आला. "ही नोकरी गेली तर दुसरी नाही मिळणार. तेपण सांगून देतो."

मी त्याच्या बाजूनं बोलायला हवं होतं, पण मी नुसती सभेची वही चाळत बसले. तेवढ्यात दारात अध्यक्षांच्या पत्नी आल्या. काखेत परात, चिंचेनं घासून लखलखीत केलेली. ती त्यांनी त्याच्यासमोर ठणकन ठेवली. "ही घ्या. आणि आधी वाईट ते मीही सांगते. मंडळाची दोन तपेली अजून आमच्या माळ्यावर आहेत. यांना माहीत नाही. मला तारीख द्या."

सभा हसू लागली. अध्यक्षांनी थोडा वेळ मिशी चावली, मग तेही हसले. त्याला कायम केलं. ठराव अध्यक्षांनीच मांडला, एवढा मोठेपणा त्यांच्या पदरात घालायला हवा.

त्यानंतर चार वर्षं तो कोठीत होता. महिन्यातून एक दिवस तारखेला जायचा आणि आम्ही सगळे त्याची वाट पाहायचो. केटरर हळूहळू यायचा बंद झाला, साक्षीदार गाव सोडून गेले. शेवटी एका दुपारी पेढ्यांचा पुडा घेऊन तो माझ्या घरी आला.

"आधी वाईट सांगून देतो. सुटलो."

"अरे, मग यात वाईट काय?"

"निर्दोष नाही म्हणाले, काकूजी. सबूत नाही म्हणाले. नऊ वर्षं झाली. 'तू चोरी केली नाहीस' असं कुणीच नाही म्हटलं."

"मी म्हणते," मी म्हटलं. "तू चोरी केली नाहीस."

त्यानं पुडा उघडला आणि एक पेढा स्वतःच खाल्ला. मला द्यायचा राहूनच गेला.

जिल्ह्यातल्याच एरच गावी एका निवासी शाळेच्या भोजनगृहाच्या कोठीसाठी जागा निघाली. पक्की नोकरी, राहायला दोन खोल्या. असा अर्ज त्याला आजवर करता आला नव्हता, कारण त्यात पोलिसांची चौकशी असते. अर्ज माझ्यासमोर बसून भरला. 'आपल्यावर फौजदारी खटला चालू आहे काय?' या ओळीपाशी त्याचा हात थांबला. आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' लिहायचं होतं. त्यानं लिहिलं, 'नाही'. पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी अडवायच्या आत पुढे लिहिलं, 'होता'. मी कपाळावर हात मारला. तरी त्यांनी त्याला घेतलं. तिथले प्राचार्य म्हणाले म्हणे, कोठीला असाच माणूस बरा.

जाताना तो आईचं पातेलं मंडळाला देऊन गेला. मालखान्यातून नऊ वर्षांनी सुटलेलं, काळंठिक्कर पडलेलं. "अरे, आता तरी त्यावर आईचं नाव घाल," असं मी बजावलं होतं. "कोरलंय, काकूजी. बुडाशी," एवढंच म्हणाला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. मी पातेलं उलटून पाहिलं नाही. डोळ्यांत पाणी होतं म्हणून नाही. चष्मा घरी होता.

आता कोठीला नवा माणूस आहे. भला आहे, लाजतो. गेल्या महिन्यात ते पातेलं एका मुंजीला गेलं आणि तीन तारखा उलटल्या तरी आलं नाही. शेवटी मीच गेले. त्या घरासमोर उभी राहिले, गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं, हात तोंडाशी धरले. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा मात्र चांगला फुटला, "हाजिर होऽऽऽ!" समोरच्या छतावर कपडे वाळत घालणारी बाई कठड्यावर ओणवली. दार उघडलं आणि यजमानीणबाई ओशाळं हसत पातेलं घेऊन आल्या. उशीर झाला म्हणून त्यांनी ते राखेनं, चिंचेनं असं घासलं होतं की सोन्यासारखं दिसत होतं.

त्या दिवशी चष्मा होता. मी ते भर रस्त्यात उलटं केलं. आईचं नाव नव्हतं. त्याचंही नव्हतं. नऊ वर्षांच्या हलवाहलवीत बुडाला एक खोल पोचा पडला होता, आणि त्याच्या कडेनं, गोल, एकेक ठिपका ठोकून त्यानं कोरलं होतं:

'बुडाला पोचा आहे. बाकी ठीक.'