एक-की-दोन

एसीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात, काउंटरच्या मागे, ती चोवीस वर्षं उभी होती. मेकॅनिक तिला तोंडावर ताई म्हणायचे आणि पाठीमागे ‘एक-की-दोन’. कारण कुणीही थर्मोस्टॅट मागितला, की कपाटाकडे वळण्याआधी ती विचारायची, “मशीन एक स्टेजचं की दोन?”

घाईतला माणूस वैतागायचा. भिंतीवर तर लावायचाय, द्या कुठलाही, म्हणायचा. मग ती कोपर काउंटरवर टेकवून समजावायला बसायची. दोन स्टेजच्या मशीनला दोन चाली असतात. एरवी संथ चाल पुरते. उन्हाचा कहर झाला की मशीन जोर लावतं. पण चालायचं कधी आणि पळायचं कधी, हे त्याला भिंतीवरचा थर्मोस्टॅट सांगतो, आणि त्यासाठी त्याच्या पाठीला वायरी जोडायला दोन वेगळी टर्मिनलं लागतात. तिथे एकच असेल, तर मेकॅनिक लोक दोन्ही वायरी त्या एकातच पिळून बसवतात. मग मशीन एकतर जीव खाऊन धावतं, नाहीतर ठप्प होतं. खोली गार पडते, पण हवेतला ओलावा जात नाही.

“तळघरात राहिल्यासारखं वाटतं,” ती म्हणायची. “गार आणि दमट.”

हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. दुपारी दुकान रिकामं असलं, की ती खोक्यांतली माहितीपत्रकं उलगडून वाचत बसे. वायरींच्या आकृत्या ती वहीत उतरवून काढायची, रंगीत पेन्सिलींनी. तिचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं होतं. वडील गेले त्या वर्षी दोघा भावंडांपैकी एकालाच शिकवता येणार होतं, आणि तो एक कोण हे घरात कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. दादा इंजिनिअर झाला. ती काउंटरवर आली. आपण हे कधी मनाला लावून घेतलं नाही, असं ती म्हणायची. जरा जास्तच वेळा म्हणायची.

दादानं नवं घर बांधलं तेव्हा नातेवाइकांत फोनवर तोच विषय होता. छतातून गार हवेच्या नळ्या, सगळ्या घराला मिळून एकच मशीन, तेही दोन स्टेजचं. तिच्या कानावर ते मावशीकडून आलं. त्याच दिवशी तिनं कपाटातल्या वरच्या फळीवर एक थर्मोस्टॅट बाजूला काढून ठेवला. दिसायला साधा, पांढरा, पण पाठीला दोन्ही टर्मिनलं असलेला. दादा विचारायला येईल, तेव्हा शोधाशोध नको. तो आला की काय बोलायचं, हेही तिनं ठरवलं होतं. फार शहाणपणा दाखवायचा नाही. दोन वाक्यांत सांगायचं आणि चहा मागवायचा.

दादा आला नाही. घरात राहायला गेल्याचंही मावशीनंच सांगितलं.

महिन्याभरानं, एका रविवारी, ती दादाच्या नव्या घरी आईला भेटायला गेली. आईची खोली खालच्या मजल्यावर, मागच्या बाजूला होती. बाहेर अंग भाजत होतं आणि आई पलंगावर स्वेटर घालून बसली होती. शेजारी बसून तिनं चादरीवर हात ठेवला. चादर वाळत घालायची राहून गेल्यासारखी चिकट लागली. आईचे गुडघे सुजले होते. खोकला पंधरा दिवस हटत नव्हता. नव्या घराची हवा अजून मानवली नाही, आई म्हणाली, जणू चूक तिचीच होती.

वर छतात मशीन घोंघावत सुरू झालं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा मिनिटांत बंद. थोड्या वेळानं पुन्हा तोच घोंघाट.

ती उठून खोलीबाहेरच्या बोळात गेली. भिंतीवर काळ्या काचेचा थर्मोस्टॅट होता, आरशासारखा गुळगुळीत. तो तिनं ओळखला. तिनंच तो विकला होता, लंबूला. लंबू म्हणजे दुकानात नेहमी येणारा उंच, वाकून चालणारा मेकॅनिक. तिनं त्यालाही विचारलं होतं, एक की दोन. त्यानं खिसा चाचपत, वर न बघता, “एक” म्हटलं होतं. तिनं नखानं पुढची काच अलगद काढली. दोन्ही वायरी एकाच टर्मिनलात पिळलेल्या होत्या.

दादा जेवणाच्या टेबलाशी बसला होता. तिनं ठरवलेली दोन वाक्यं सांगितली. थर्मोस्टॅट चुकीचा आहे. बदलला तर आईच्या खोलीतला ओलावा जाईल.

“आकडा लावला की घर तेवढं थंड होतं ना?” दादा म्हणाला. “मग झालं तर. दुकान घरी आणू नकोस बाई.”

वहिनी म्हणाली की तो काळा किती छान दिसतो, बघणारा प्रत्येक जण विचारतो. आई दाराशी येऊन उभी राहिली होती, चौकटीला धरून.

“राहू दे गं,” आई म्हणाली. “त्याला कळतं त्यातलं.” आणि खोकत परत खोलीत गेली.

सोमवारी लंबू गॅसची नळी घ्यायला दुकानात आला. तिनं आवाज चढवला नाही. खोटं का बोललास, एवढंच विचारलं. लंबूनं मान खाली घातली. मग म्हणाला, “ताई, साहेबांनीच बजावलं होतं. बहिणीला कळू देऊ नको, म्हणाले. काळाच हवा, आणि ती आली की शिकवत बसेल.”

तिनं समोरच्या बिलांचा गठ्ठा सरळ केला. पुन्हा एकदा सरळ केला. मग स्टूल ओढून वरच्या फळीवरचा पांढरा थर्मोस्टॅट काढला आणि त्याच्यासमोर ठेवला.

दादाला आता तुझ्या तोंडून सांग, ती म्हणाली. माझं नाव काढू नकोस. आईचा खोकला वाढला तर तो काळा थर्मोस्टॅट तू बसवलेला आहे, एवढं लक्षात ठेव. मग अर्धा तास तिनं त्याला वहीतली आकृती दाखवली. कुठली वायर कुठे, आणि शेवटी थर्मोस्टॅटच्या आत जाऊन मशीन दोन स्टेजचं आहे हे नोंदवायचं. ते राहिलं तर दुसरी चाल कधी लागणारच नाही. लंबू पोरासारखा मान डोलवत होता.

पुढच्या रविवारी ती मुद्दाम गेली. लंबू बोळात स्क्रू पिळत होता आणि दादा शेजारी हात बांधून उभा होता.

“हे तुम्ही आधीच सांगायला हवं होतं,” दादा लंबूला म्हणत होता. “बरं झालं, वेळेवर बोललात. हल्ली इतकं कोण सांगतं?”

तिच्या हातात वहिनीनं टॉर्च दिला होता. तो ती धरून राहिली. लंबूनं पांढऱ्या थर्मोस्टॅटचं झाकण बसवलं, आकडा लावला आणि हात पुसायला लागला. नोंदवायचं राहिलं होतं.

“स्टेज,” ती हळूच म्हणाली.

“त्यांना करू दे,” दादा म्हणाला. “तू मध्ये बोलू नकोस.”

लंबूचे कान लाल झाले. तिच्याकडे न बघता त्यानं बटणं दाबली, एकाचे दोन केले. छतात मशीन सुरू झालं. त्याचा आवाज ऐकायला कान द्यावा लागत होता. चालू राहिलं, चालूच राहिलं.

आठ दिवसांनी ती गेली तेव्हा आईचा स्वेटर खुंटीला होता. आई एका दमात चार वाक्यं बोलली, मध्ये खोकली नाही. तिनं चादरीवर हात फिरवला. कोरडी होती, उन्हातून आणल्यासारखी.

“त्या माणसाच्या हाताला गुण आहे,” आई म्हणाली. “दादा म्हणतो, फार जाणकार आहे. तुमच्याच दुकानात येतो ना तो?”

“येतो.”

“मग शिकून घे ना त्याच्याकडून काहीतरी,” आई मायेनं म्हणाली. “इतकी वर्षं नुसती काउंटरवर उभी आहेस.”

तिनं चादरीची सुरकुती तळहातानं सारखी केली.

“विचारते त्याला,” ती म्हणाली.