देवदारकाकीचा शिमगा

"ढलपी पायजे? देवदाराची ढलपी? तुझ्या बापानं लावलंय काय रे झाड माझ्या परसात! बाईला आन इकडं आधी. बाई बघीन, मग काय ती ढलपी देईन. भाजीवाली वाटली काय तुला मी?"

समोर उभा असलेला माणूस दासगावहून भल्या पहाटे निघून, पोलादपूरला एसटी बदलून, उरलेला डोंगर पायी चढून आला होता. त्याची बायको नुकतीच बाळंत झालेली. तिला इतका डोंगर चढवून आणायचं कसं, एवढंच त्याला विचारायचं होतं. पण काकीच्या तोंडापुढे त्याचे ओठ नुसतेच हलत होते. त्याला मनसोक्त झापून झाल्यावर काकीने पदर खोचला, चपला पायांत घातल्या आणि त्याच्या पुढे होऊन स्वतःच डोंगर उतरायला लागली. "चल रे मुर्दाडा! बाळंतिणीला चालवत आनतात काय कुठं?" आणताही येत नव्हतं आणि न आणताही बोलणी चुकत नव्हती. आमची देवदारकाकी ही अशी.

तिचा आवाज आंबेनळी घाटातल्या एसटीला ऐकू जायचा आणि ड्रायव्हर समोरून ट्रक आला असं समजून गाडी कडेला घ्यायचा. मी वाढवून सांगतोय असं तुम्हांला वाटेल. वाढवूनच सांगतोय, पण फार नाही. आमच्या वाडीत कोंबड्याची चैन कुणाला नव्हती. सकाळ काकीच्या ओरडण्याने व्हायची. म्हैस उशिरा पान्हावली म्हणून म्हशीला, ऊन लवकर आलं म्हणून उन्हाला. एकदा तिने धुक्याला असं काही झापलं की ते दरीत उतरलं आणि दोन दिवस वर यायची त्याची छाती झाली नाही.

देवदार तिच्याकडे आला काकांमुळे. काका फौजेत, वर हिमालयाच्या अंगाला. लग्नानंतर पहिल्यांदा सुट्टीवर आले ते ट्रंकेत घोंगडीत गुंडाळलेला लाकडाचा एक ओंडका घेऊन, वासराच्या डोक्याएवढा. वादळात पडलेल्या एका जुन्या झाडाच्या गाभ्याचा. तेलकट, पिवळसर, आणि वास असा की ट्रंक उघडल्यावर शेजारच्या वाडीतली माणसं कसली पूजा आहे म्हणून विचारायला आली. काकी मात्र बिथरली. "लोकांचे घोव साडी आनतात, ह्यानं सरपान आनलं!" हे वाक्य तिने काका परत जाईपर्यंत रोज ऐकवलं. पुढे महाडच्या बाजारात एका म्हाताऱ्या वैद्याने ओंडक्याचा तुकडा हुंगून तिला हात जोडले आणि बाळंतकाढा कसा उकळायचा ते शिकवलं. तेव्हापासून तो ओंडका घरातल्या देवांच्या शेजारी बसला. वाळवीनेसुद्धा त्याला लांबूनच नमस्कार घातला असेल. काकीच्या घराचा वासा न् वासा खाल्ला, पण ओंडक्याच्या वाटेला ती कधी गेली नाही.

काम सुरू झालं की काकीचं तोंड आणि हात एकदमच चालायचे. देवदार, सुंठ, वेखंड, धने घालून बाळंतिणीचा काढा. ढलप्या निखाऱ्यावर टाकून बाळाच्या दुपट्यांना धुरी. गुडघा सुजलेल्या म्हाताऱ्याला सहाणेवर उगाळून लेप. लेप लावता लावता म्हाताऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. पण कुठे थांबायचं हे तिला कळत होतं. खालच्या आळीतल्या एका बाळंतिणीला ताप भरला, तेव्हा काढ्याची वाट बघत बसलेल्या सासूच्या अंगावर ती धावून गेली होती : "काढा काय मागतंस गो! पोरीचे डोळे बघ, डोळे! गाडी आना, डॉक्टरकडं न्या, नायतर तुझ्याच तोंडात काढा वतते!" गाडी आली, पोर वाचली. सासू अजून सांगते की आपल्याला आयुष्यात इतकं कुणी बोललं नाही.

तिने देवदाराचं झाड कधी पाहिलं नव्हतं. तरी त्याचं वर्णन अशा थाटात करायची की जणू माहेरच्या अंगणातच होतं. "बारा महिने हिरवं. बर्फात गळ्याइतकं बुडलं तरी पान टाकत नाय. बाळंतीन बाईबी तशीच उभी ऱ्हायली पायजे." काकांनी सांगितलेलं एवढंच तिच्याजवळ होतं. काका नंतर फार सुट्ट्या घेऊ शकले नाहीत. एका वर्षी त्यांची ट्रंक एकटीच घरी आली.  काकीने ओंडका देव्हाऱ्याजवळून उचलून उशाशी ठेवला.

वर्षानुवर्षं ढलप्या काढून ओंडका नारळाएवढा राहिला. मग काकीने हात आखडता घेतला. कारण तिची एकुलती एक लेक सुली. सुलीचं लग्न होऊन बरीच वर्षं मूल नव्हतं, आणि आता दिवस गेले होते. शिमगा झाला की ती बाळंतपणाला माहेरी येणार होती. "हे ऱ्हायलंय ते माझ्या सुलीचं," काकी म्हणायची. "तिच्या बापानं आनलंय. हात लावंल त्याचा हात तोडीन."

आता शिमग्याचं सांगतो. आणि इथून पुढे मला हसवायचं नाही, कारण ते आठवलं की अजून माझं डोकं तडकतं.

आमच्याकडे होळीसाठी घराघरांतून लाकडं पळवायची रीत आहे. चोरी नव्हे, रीत. ज्याची लाकडं गेली त्याने होळीपुढे येऊन बोंब मारायची, शिव्या घालायच्या. जितक्या शिव्या, तितकी होळी चांगली पेटते म्हणतात. पण होळीत पडलेलं लाकूड देवाचं. ते पुन्हा बाहेर काढायचं नाही.

त्या दुपारी काकीने ओंडका पडवीबाहेर उन्हाला ठेवला होता, संध्याकाळी सुलीसाठी ढलप्या काढून ठेवायच्या म्हणून. शेजारीच तिची सरपणाची मोळी. ती पाण्याला गेली आणि बबनशेठची टोळी आली. हा बबनशेठ आमच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष, पोट आणि गॉगल सांभाळत गावी येणारा. मंडळाच्या टीशर्टातल्या बाप्यांनी मोळी उचलली, सोबत ओंडकाही उचलला, आणि नाचत नाचत होळीवर नेऊन टाकला.

दिवेलागणीला काकी धावत आली. "बबन्या! माझं देवदार! मेल्या, काढ ते! ते बघ पेंढ्याखाली दिसतंय!"

"बोंऽऽब!" अख्खा गाव ओरडला. ढोल दणाणले.

"सुलीचं हाय रे ते! काढा म्हनते ना!"

"देवदारकाकीच्या नावानं बोंऽऽब!" बबनशेठ बेंबीच्या देठापासून ओरडला. "वा काकी! यंदा एकदम फॉर्मात!"

मी गर्दीतून पुढे घुसलो. "अरे गाढवांनो, ती खरंच सांगतेय, ओंडका काढा!" तर लगेच माझ्याही नावाने बोंब ठोकली. एकाने माझ्या तोंडाला गुलाल फासला, दुसऱ्याने माझ्या आणि होळीच्या मध्ये ढोल आडवा घातला. मी ढोलवाल्याला ढकललं, त्याने ती नाचाची तऱ्हा समजून मला खांद्यावर घेतलं. इतका संताप मला जन्मात आला नव्हता, आणि तो मी दुसऱ्याच्या खांद्यावर बसून काढत होतो!

तेवढ्यात काकी पेंढ्यावर चढायला गेली. केस सुटलेले, अंग थरथरतंय. मग बायांना वाटलं, अंगात वारं आलं. दोघींनी तिला धरलं, कपाळावर गुलाल भरला. एक पाया पडली. एकीने तर विचारून घेतलं, "बाय, माझ्या लेकाचं लगीन कधी जमंल?"

होळी पेटवायचा मान वाडीतल्या वडीलधाऱ्या दाजींच्या घराण्याचा. दाजी शांतपणे पुढे आले, नारळ ठेवला, देवाला गाऱ्हाणं घातलं आणि पेटती चूड लावली.

पेंढा भडकला. आणि थोड्या वेळाने तो वास आला. आधी थोडा, मग सगळ्या माळावर. ढोल आपोआप मंदावले. एवढ्या माणसांत त्या धुरीत न वाढलेलं पोर क्वचितच असेल; नाकाने ओळखलं, तोंडं उतरली. बबनशेठने गॉगल काढला. बायांनी काकीचे हात सोडले. ती ओरडली नाही. गुलाल भरल्या कपाळाने जमिनीवर बसली आणि जाळाकडे बघत राहिली.

बबनशेठ दुसऱ्या दिवशी महाडला जाऊन पिशवीभर देवदार घेऊन आला. चांगला होता, खोटं कशाला बोलू. सुली आली, महाडच्या दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. काकीने त्याच देवदाराचा काढा उकळला, सुलीला पाजला, धुरी दिली. सगळं नीट, रीतसर, आणि मुक्याने. म्हैस उशिरा पान्हावली तरी काही नाही. बबनशेठ पाया पडायला गेला, "काकी, दोन शिव्या तरी घाल गो," म्हणाला. तिने त्याला पाण्याचा तांब्या दिला. पुढे सुलीबरोबर ती नालासोपाऱ्याला गेली. तिथल्या चाळीत काकी फार शांत बाई म्हणून माहीत आहे, असं सुली फोनवर सांगते. मला ते ऐकवत नाही.

होळीच्या दुसऱ्याच दिवशी मी दाजींच्या ओट्यावर गेलो होतो, भांडायलाच. ते सुपारी कातरत बसले होते.

"दाजी, तुम्ही जाणते. चूड तुमच्या हातात होती. बाई जिवाच्या आकांताने ओरडत होती, तुम्हांला एकदाही वाटलं नाही, थांबावं म्हणून?"

दाजींनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"ती रोजच वरडते, रे."