आमचा कमरेचा क्लास

कमरेची दुखणी एका खोलीत गोळा केली की किस्से वाढतातच. कुणालाच पटकन उठून जाता येत नाही!

मी लातूरच्या मोंढ्यातला हमाल. जन्मभर पाठीवर पोती वाहिली. व्यायामाच्या पहिल्याच दिवशी फिजिओच्या मॅडम म्हणाल्या, "आजोबा, पुढं वाका."

"बाई, मी कुणापुढं वाकत नसतो."

"मग भिंतीकडं तोंड करून वाका!"

वाकलो. भिंतीला काय कळतंय?

आमच्यात एक कोचिंगचे सर होते. दिवसभर उभं राहून शिकवायचे. पाठीचे स्नायू पार ढिले पडलेले. मॅडमनी व्यायाम दाखवला, तर विचारतात, "चुकला तर निगेटिव्ह मार्किंग आहे का?"

"आहे ना. रात्री कळेल!"

गफूरभाई मात्र खरा घाबरलेला. गंजाच्या बाजारात हातगाडीवर केळी विकण्यात त्याची हयात गेली. डॉक्टरांनी फोटो दाखवला. म्हणाले, "मणक्यात नसांची वाट अरुंद झालीय."

"मतलब अतिक्रमण!" गफूरभाई म्हणाला. "तो पहले नोटीस देव ना साब, सीधा तोडते क्या?"

"दिली नोटीस. ईदपर्यंत व्यायाम करा. तरी चालता आलं नाही, तर ऑपरेशन."

त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

त्याचं दुखणं अजब. सरळ चाललं की पाय भरून यायचे. पुढं वाकून गाडी ढकलली की आराम. म्हणून तो रिकामी गाडी ढकलत व्यायामाला यायचा. रस्त्यात एका बाईनं विचारलं, "काय विकायलात, चाचा?"

"कमर! लेते क्या?"

ईद झाली. डॉक्टर स्वतः बघायला आले. गाडी बाहेर, गफूरभाई आत. डॉक्टर म्हणाले, "त्या दारापर्यंत चाला."

निम्म्यात त्यानं भिंत धरली. मटकन खाली बसला. डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनी ऑपरेशनची चिठ्ठी लिहायला पेन काढलं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा कोचिंग क्लास सुटला. शेकडो पोरं एकदम उठली. बाकडी सरकली, छत थरथरलं. भूकंप बघितलेली माणसं आम्ही! विचार करत बसतो होय? मॅडम, सर, मी, सगळे पळालो. डॉक्टर आमच्या मागं.

रस्त्यावर येऊन बघतो, तर गफूरभाई आमच्याही पुढं, पार पलीकडच्या पानटपरीपाशी उभा!

धापा टाकत डॉक्टर त्याच्यापाशी गेले. "गफूरभाई, तुम्हाला तर चालता येत नव्हतं!"

"चलना अब भी नै होता, डाक्टरसाब," गफूरभाई कमर धरत म्हणाला. "भागना होता!"