द्वारकाबाईचं मोठं तिकीट

समजा, दिवाळीच्या सुट्टीत तुम्हा घरच्या पाच जणांना घाटाजवळच्या एका मोठ्या पार्कात जायचं आहे. तिकिटं मोबाईलवर काढायची आहेत. पडद्यावर तीन चौकटी येतात: मोठी माणसं, लहान मुलं, ज्येष्ठ नागरिक. तुम्ही म्हणाल, यात अवघड काय? वय बघायचं आणि आकडा भरायचा. पण खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की लहान-मोठं वयावर नाही, उंचीवर ठरेल. एकशे चाळीस सेंटिमीटरच्या खाली ते लहान. आता समजा, घरातलं एक माणूस अडतीस वर्षांचं आहे, स्वतःचं दुकान चालवतं, आणि एकशे सदतीस सेंटिमीटर आहे. त्याला कोणत्या चौकटीत टाकाल?

द्वारकाबाईच्या भाचीनं, समृद्धीनं, क्षणभरही विचार केला नाही.

“आत्या, तुझं लहान टाकते. चारशे रुपये वाचतेत.”

“आन् माझं?” द्वारकाबाईची म्हातारी आई वच्छलाबाई म्हणाली.

“आज्जे, तुझ्या आधार कार्डावर सत्तावन्न हाय. साठ पायजे. तुझं मोठ्यात.”

“सत्तावन्न! माझ्या लग्नाला पन्नास वर्षं झाली की गं.”

“मग सातव्या वर्षी झालं असंल,” समृद्धीचा बाप, द्वारकाबाईचा धाकटा भाऊ काकासाहेब म्हणाला. तो वाळूजच्या कंपनीत कामाला होता, नुकताच पहिल्या पाळीवरून आला होता आणि जेवणाआधी पाय पसरून बसला होता. “सरकारनं तुला तरणी केली, आता गपचिप झुल्यावर बस.”

सगळे हसले. द्वारकाबाईही हसली. मग म्हणाली, “समे, माझं मोठं टाक.”

“अक्का, कशाला पैसे घालवती?” काकासाहेब म्हणाला. “तेच खुद्द लहान म्हणतेत.”

“त्यांनी म्हणू दे. मोठं टाक.”

द्वारकाबाईचं शहागंजच्या एका गल्लीत शाळेच्या गणवेशांचं दुकान होतं. कापड ती स्वतः बेतायची. कापायचं टेबल शेजारच्या नूरमोहम्मद चाचांनी तिच्या उंचीचं बनवून दिलं होतं. त्यामुळं इतर शिंपी तिथं आले की त्यांना कमरेतून वाकावं लागे आणि तिला ते बघून बरं वाटे. जूनमध्ये दुकानासमोर रांग लागायची. पाचवी-सहावीतली पोरं माप द्यायला उभी राहिली की तिच्या डोळ्याला डोळा भिडवायची, आणि आठवीत गेली की वरून बघायची. तिला त्याचं काही वाटत नसे. ज्याचं त्याचं माप.

वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. विशीत असताना गंगापूरच्या गाडीत कंडक्टरनं न विचारता तिच्या हातात अर्धं तिकीट ठेवलं होतं. “पूर्ण द्या,” असं तिनं भर गाडीत सांगितलं होतं, आणि पुढं प्रत्येक वेळी सांगावं लागलं होतं. अलीकडं एसटीत सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा तिला मनापासून हसू आलं होतं. म्हटलं, चला, सगळ्याजणी माझ्या रांगेत आल्या. पण कर्णपुऱ्याच्या जत्रेतला रहाटपाळणा ती विसरली नव्हती. पाळणेवाल्यानं तिला दंडाला धरून बाजूला घेतलं होतं आणि म्हणाला होता, “एकट्या पोरीला बसवत नाय, घरच्या मोठ्या माणसाला बोलाव.” तेव्हा ती बावीस वर्षांची होती. त्या दिवशी सोबतचं मोठं माणूस तीच होती. सोबत आलेल्या काकासाहेबाला तिनंच मागं घराकडं पाठवलं होतं. पाळण्यात ती त्यानंतर कधी बसली नाही.

म्हणून पार्कातल्या त्या उंच झुल्याचं चित्र समृद्धीनं दाखवलं, तेव्हाच तिनं ठरवलं होतं. आकाशात नेऊन उलटं करणाऱ्या त्या झुल्यात बसायचं.

“पण आत्या, हे बघ,” समृद्धीनं आणखी खाली वाचलं. “लहानाच्या तिकिटाला मनगटावर पिवळा पट्टा देतेत, त्याच्यावर मोठे झुले नाय. मोठ्याला निळा. पण उंच झुल्याशी परत उंची मोजतेत. एकशे चाळीसच्या खाली असलं तर बसू देत नाय.”

वहिनी सरू भाकरी थापता थापता म्हणाली, “मग अक्का, मोठं तिकीट काढूनबी खालीच उभं ऱ्हावं लागंल. चार फूट सहा इंच म्हणता ना तुम्ही? पैसेबी जातील आन् झुलाबी.”

ती टोचून बोलली नव्हती, खरं तेच बोलली होती. सवलतीतलं बुकिंग मंगळवारपर्यंत होतं. “मंगळवारी सांगते,” एवढंच द्वारकाबाई म्हणाली.

सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. डोक्यावर पट्टी आडवी धरली, खडूनं रेघ ओढली आणि गळ्यातली टेप लावली. चौपन्न इंच. चार फूट सहा. गेली कित्येक वर्षं हेच माप येत होतं, आणि टेप आयटीआयला शिवणकाम शिकायला गेली तेव्हापासूनची होती.

नूरमोहम्मद चाचा दाराशी चहा घेऊन उभे होते. “सबेरे सबेरे दिवार से क्या झगडा, द्वारकाबाई?”

तिनं सगळं सांगितलं. चाचांनी ऐकून घेतलं, कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली आणि खिशातून सुताराची पोलादी टेप काढून त्याच रेघेला लावली. मग चष्मा पुसून पुन्हा लावली.

“चौपन्न नाय. पंचावन्नला एक सूत कमी.”

“चाचा, नीट बघा.”

“लकडी का काम है बाई, एक सूत चुकलं तर दार लागत नाय. तुमची टेपच बुढ्ढी झाली. तानून तानून लांब झाली.”

दोघांनी दोन्ही टेपा टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या. कापडी टेपचे साठ इंच संपले तेव्हा पोलादी टेप एकसष्टवर होती.

द्वारकाबाई स्टुलावर बसली. तिच्या डोळ्यांपुढं वीस वर्षांचे गणवेश उभे राहिले. इतकी वर्षं चुकीच्या टेपनं कापत आलो आणि एक गिऱ्हाईक बोंबललं नाही? मग तिच्या लक्षात आलं. त्याच टेपनं पोराचं माप घ्यायचं आणि त्याच टेपनं कापड कापायचं, म्हणजे चूक चुकीला बरोबर जुळायची. शाळेच्या ठरलेल्या नंबरांचे तयार गणवेश तेवढे किंचित मोठे होत असणार. आणि आया तर कौतुकच करायच्या की द्वारकाबाईचा गणवेश दोन वर्षं पुरतो. त्या टेपनं मोजून बाहेरच्या जगाला इंचात सांगितलेलं माप एकच होतं. तिचं स्वतःचं.

तिनं मोबाईलवर हिशोब केला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; पंचावन्नला एक सूत कमी म्हणजे एकशे एकोणचाळीस पूर्णांक चार सेंटिमीटर. एकशे चाळीसला सहा मिलिमीटर कमी.

“सहा मिलिमीटर म्हणजे किती वो चाचा?”

चाचांनी पेन्सिल आडवी धरून तिची जाडी दाखवली. “ये इत्ता.”

इतकं तर ती शिवणीत दाबायची.

दुपारी तिनं पार्काच्या नंबरवर फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एका मुलीचा आवाज आला. द्वारकाबाईनं उंची सांगितली.

“मॅम, मग तुम्हाला लहान मुलांचं तिकीट लागेल.”

“मी अडतीस वर्षांची आहे.”

“वय नाही मॅम, उंची. तुमचा फायदाच आहे.”

“मला फायदा नको. मोठं तिकीट काढलं तर चालतं का, ते सांगा.”

“चालतं मॅम. पण असं कुणी विचारलं नव्हतं अजून.”

“मी विचारलं. आता उंच झुल्याचं सांगा. तिथं...”

“ते झुल्यावरचे कर्मचारी ठरवतात मॅम,” मुलगी म्हणाली, “सुरक्षेसाठी असतं,” आणि फोन कट झाला. परत लावला तर नुसतं गाणंच.

सुरक्षेसाठी असतं, हे तिला पटलं. खांद्यावर येणारी ती सळई बसायला अंग तेवढं हवं असेल. अंग कमी पडलं तर तिची काही तक्रार नव्हती, आखूड कापडाचा सदरा होत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण ‘नाही’ म्हणायच्या आधी माप घ्या आणि नीट घ्या, एवढंच तिचं म्हणणं होतं. लांबून बघून, दंडाला धरून नाही.

मंगळवारी पहाटे तिनं समृद्धीला उठवलं आणि चाचांची टेप तिच्या हातात दिली. झोपून उंची थोडी वाढते आणि दिवस चढेल तशी उतरते, म्हणून पोलीस भरतीची पोरं मापाच्या दिवशी सकाळपर्यंत आडवी पडून राहतात, हे तिला दुकानात पॅन्ट शिवून न्यायला येणाऱ्या पोरांकडून माहीत होतं. ती अंथरुणातून उठून थेट भिंतीला जाऊन उभी राहिली.

“आत्या, टाचा वर करू नको.”

“नाय करत. वाच.”

समृद्धीनं दोनदा वाचलं. “एकशे एकोणचाळीस पूर्णांक आठ! आत्या, तू रातीतून वाढली!”

आवाजानं काकासाहेब उठून बसला. “काय लावलंय पहाटं पहाटं?”

“काकासाहेब, चिंचवडला सरूच्या भैणीकडं मुक्काम करायचा ना?” द्वारकाबाई म्हणाली. “तिथून सकाळी सातलाच निघायचं. दार उघडताना आपण तिथं पायजे. आधी उंच झुला, मग बाकीचं.”

“अक्का, आन् नाय बसू दिलं तर?”

“तर मोठ्या माणसाचं तिकीट काढून खाली उभी ऱ्हाईन. पण पिवळा पट्टा बांधून जायची नाय.”

काकासाहेबानं तिच्याकडं बघितलं. मग लेकीकडं हात केला. “समे, टाक. चार मोठी.”

“समृद्धी धरून पाच,” वच्छलाबाई अंथरुणातूनच म्हणाली. “ती तर आत्याच्याबी वर गेली. या घरात आता ल्हान कुणीच नाय.”

पाच मोठी तिकिटं निघाली. द्वारकाबाईनं ती पडद्यावर एकदा मोजून घेतली, आंघोळ केली आणि दुकानात गेली. वाटेत तिनं गळ्यात घालायला नवी टेप घेतली. जुनी फेकली नाही, खिळ्याला अडकवून ठेवली.

आता फक्त दोन मिलिमीटर राहिले होते. तिच्या रोजच्या चपलेचा तळ बोटभर जाड होता. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा तिनं परत फोन लावला आणि गाणं संपायची वाट बघत उभी राहिली. पार्कातलं कुणी तरी तिला एवढंच सांगायला हवं होतं: त्या झुल्याशी माप घेताना चप्पल पायात असते, की काढायला लावतात?