काठावरची राखण

गादीमास्तरांनी उभा जन्म सोफे आणि खुर्च्या मढवण्यात घालवला आणि त्यातून ते एकच शास्त्र शिकले. गिऱ्हाईक बसतं कसं ते बघायचं नाही, उठताना हात कुठे टेकतं ते बघायचं. "बसताना सगळेच राजे," ते म्हणत, "उठताना गुडघे खरं बोलतात."

घरच्यांना फिरायला मोटरबोट घ्यायची ठरली तेव्हाही त्यांनी हेच शास्त्र बाहेर काढलं. दोन बोटी नजरेत भरल्या होत्या. एक लाल, निमुळती, वाऱ्याशी पैज लावणारी. जावयाचा जीव तिच्यावर जडलेला. दुसरी जुनी, रुंद, बसकी, आणि एखाद्या बदकानेही मागे टाकावी इतकी संथ. मास्तरांना वेगाचं सोयरसुतक नव्हतं. इतकी वर्षं तळ्यावर भाड्याची बोट घेतली की त्यांची बायको काठावरच्या बाकावर बसून सगळ्यांच्या चपला राखायची. "मला नाही बाई पाण्याची हौस," म्हणायची. दुखऱ्या गुडघ्याचं नाव चुकूनही काढायची नाही. यंदा तिला बोटीत बसवायचंच, असा मास्तरांनी चंग बांधला होता.

त्यांनी कारखान्याच्या फरशीवर खडूने दोन्ही बोटी मापाबरहुकूम आखल्या आणि आत तेवढ्याच उंचीच्या खुर्च्या मांडल्या. लेक, जावई, नात, बायको, सगळी वरात आळीपाळीने बसली आणि उठली. लाल बोटीतून बायको हात न टेकता उठली. जुनीची बैठक खोल, तिथे तिला लेकीचा खांदा धरावा लागला.

"लागला निकाल!" जावई म्हणाला. मास्तरांनीही मान डोलावली.

रविवारी सगळे धक्क्यावर गेले. बायकोने लाल बोटीत एक पाय टाकला मात्र, बोट एका अंगाला कलली. तिने गुपचूप पाय मागे घेतला.

"या तुम्ही फिरून. द्या त्या चपला इकडे."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. फरशी हलत नाही, पाणी हलतं, एवढं लहान पोराला कळतं. पण सगळा जन्म खुर्च्या जमिनीवर ठेवलेल्या माणसाला ते सुचलं नव्हतं. आणि ती तर शांतपणे चपला मागत होती. मास्तर पलीकडे बांधलेल्या जुन्या बोटीकडे वळले.

"त्या जुनीत पाय टाकून बघ."

"तिच्यातून मला उठता येत नाही. तुम्हीच बघितलंत ना?"

"उठायचं माझ्यावर सोड. तू फक्त चढ."

ती चढली. बोट जेमतेम हलली.

"बाबा, ही जाणार कधी आणि येणार कधी?" जावयाचं तोंड उतरलं.

"कुणाची गाडी चुकतेय?" मास्तर म्हणाले आणि खिशातून टेप काढून बैठक मोजायला वाकले.

पुढच्या रविवारी जुनी बोट घरची झाली होती, तिची बैठक तीन इंच उंच झाली होती आणि उठताना धरायला खुर्चीसारखे दोन भक्कम हातही बसवले होते. बायको बसली, आणि सवयीने म्हणाली, "अगं, चपला?"

"इथेच आहेत, आजी. तुझ्या पायाशी," नात म्हणाली.

काठावरचं बाक मागे मागे गेलं. बायको बराच वेळ पाण्यात हात घालून बसली होती. मग मास्तरांकडे न बघताच म्हणाली, "हौस होती हो मला. पहिल्यापासून."

मास्तरांनी आधीच संथ असलेल्या त्या बोटीचा वेग आणखी थोडा कमी केला.